‘फुयू’ पर्सिमनचे कलम, बोरिवलीची गच्ची आणि चार हिवाळे

जानेवारी २०२१ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका नर्सरीकडून मी पर्सिमनची, म्हणजे केशरी रंगाच्या जपानी फळाची, दोन कलमे मागवली, मार्चअखेरीस त्यांपैकी एकाला फुले आली आणि त्या आनंदाच्या भरात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच मी विक्रेत्याला पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले. आता चार हिवाळे आणि पाच पावसाळे सरल्यावर तो अभिप्राय मलाच वाचवत नाही. त्यात लिहिलेले काही खोटे नव्हते. पण फळझाडाविषयी तीन महिन्यांत मत देणे म्हणजे बारशाला मुलाची दहावीची टक्केवारी सांगण्यासारखे होते. म्हणून हा दुसरा, सावकाश लिहिलेला अभिप्राय. नर्सरीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण अशा प्रकारची विक्री करणारी ती एकटी नाही आणि मला जे सांगायचे आहे ते त्या एका दुकानापुरते नाही.

आधी जे उत्तम होते ते सांगते. कलमाचा दर प्रत्येकी ९५० रुपये आणि दोन्हींचा पाठवणीचा खर्च ४०० रुपये होता. पर्सिमन हे पानगळीचे झाड असल्याने हिवाळ्यात ते झोपलेले असताना मातीशिवाय, नुसत्या मुळांनिशी पाठवता येते. आमची कलमे तशीच, ओल्या शेवाळात मुळे गुंडाळून, वर प्लास्टिक आणि त्यावर जाड पुठ्ठ्याचे उंच खोके अशा बंदोबस्तात सहाव्या दिवशी पोहोचली. खोडे पेन्सिलीहून जाड होती, जोड चांगला भरलेला होता आणि वाटेत एकही फांदी मोडली नव्हती. मुळे काळीकुट्ट निघाल्याने ती कुजली आहेत असे समजून मी तक्रार लिहायला बसले होते. परंतु पर्सिमनच्या मुळांचा रंग काळाच असतो, हे खोक्यातल्या माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत छापलेले होते. इतकी काळजी घेणारा विक्रेता विरळा, हे माझे मत आजही कायम आहे.

दोन कलमांना दोन चिठ्ठ्या होत्या: एकावर ‘फुयू’, दुसऱ्यावर ‘हाचिया’. ही दोन्ही नावे जपानच्या गिफू प्रांतातून आलेली आहेत, आणि घरच्या बागेसाठी पर्सिमन निवडताना प्रत्यक्षात याच दोन गटांमधून निवड करायची असते. फुयू चपटे, टोमॅटोसारखे दिसते आणि कडक असतानाच सफरचंदासारखे कापून खाता येते. हाचिया लांबट, खाली टोक असलेले असते आणि ते पूर्ण मऊ, जवळजवळ जेलीसारखे झाल्याशिवाय तोंडात घालू नये. यामागचे कारण टॅनिन आहे. तुरट जातींच्या कडक फळात विरघळणारे टॅनिन भरपूर असते आणि ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते, त्यामुळे जीभ जाड झाल्यासारखी वाटते आणि घसा धरतो. फळ पिकत जाते तसे हेच टॅनिन न विरघळणाऱ्या रूपात जाते. ते फळातच राहते, फक्त जिभेला कळत नाही. फुयूच्या गटात हा बदल फळ झाडावर असतानाच होऊन जातो. या दोहोंच्या मध्ये आणखी एक चमत्कारिक गट आहे, ज्यात परागीभवन होऊन बी धरली तर गर तपकिरी व गोड होतो आणि बी धरली नाही तर तेच फळ तुरट राहते. घरी एकच झाड लावणाऱ्याने या गटाच्या वाटेला जाऊ नये. फुयूला मात्र परागीभवनावाचून, बिनबियांची फळे धरतात, म्हणून एका झाडावर भागते. या साऱ्याचा विचार करून मी फुयू मुख्य म्हणून आणि हाचिया हौसेखातर निवडले.

कलमे आली त्या दिवशी माझ्या सासूबाई, ज्या मूळच्या चंद्रपूरच्या आहेत, खोके उघडताना शेजारीच बसल्या होत्या, पण त्या काड्यांकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. फेब्रुवारीच्या शेवटी पालवी फुटली तेव्हा मात्र पान हातात घेऊन त्या म्हणाल्या, “अगं, ही तर आपल्या टेंभुर्णीची नातलग दिसते.” त्यांचे निदान अचूक होते. विडीसाठी ज्याची पाने तोडतात तो विदर्भातला तेंदू, म्हणजेच टेंभुर्णी, आणि जपानी पर्सिमन हे दोघेही डायोस्पायरॉस या एकाच प्रजातिकुळातले. नावांचा गोंधळ इथे मोठा आहे, म्हणून एक सूचना: हिमाचलात या फळाला ‘जापानी फळ’ म्हणतात, काही विक्रेते ‘अमरफळ’ म्हणतात आणि उत्तरेत काही जण ‘रामफळ’ही म्हणतात. आपले रामफळ हे सीताफळाचे भावंड असून त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. ऑनलाइन मागणी नोंदवताना नावावर न जाता चित्र आणि शास्त्रीय नाव पाहावे.

मार्चअखेरीस फुयूच्या चिठ्ठीच्या कलमाला पाच फुले आली, पाचही धरली, त्यांतली तीन एप्रिल-मेमध्ये गळाली आणि उरलेल्या दोघांपैकी एक १७ मेच्या तौक्ते वादळात गेले. राहिलेले एक फळ आम्ही पावसाळाभर जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यात बांधून कावळ्यांपासून राखले. ते जसजसे भरू लागले तशी माझी शंका वाढू लागली, कारण ते चपटे होण्याऐवजी खाली निमुळते होत चालले होते. ऑक्टोबरमध्ये रंग पूर्ण केशरी झाल्यावर, चिठ्ठीवर विश्वास ठेवून, मी ते कडक असतानाच एक फोड कापली. सासूबाईंनी ती फोड तोंडातून परत काढली आणि “हे तर कच्च्या टेंभरासारखं आहे” एवढेच म्हणाल्या. उरलेले फळ आंब्याची अढी घालावी तसे तांदळाच्या डब्यात, एका पिकल्या केळ्याच्या सोबतीने ठेवले. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीनमुळे ते नवव्या दिवशी इतके मऊ झाले की चमच्याने खावे लागले, आणि तेव्हा ते खरोखरच अप्रतिम गोड होते. खजुराचा आणि जर्दाळूचा गर एकत्र केल्यासारखे. परंतु ते फुयू नव्हते.

इथे विक्रेत्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक मुद्दा नोंदवते. फुयूला तुरटपणा घालवण्यासाठी फळ भरण्याच्या काळात ऊब लागते आणि थंड प्रदेशात अस्सल फुयूसुद्धा कधीकधी तुरट राहते. नुसत्या चवीवरून मी चिठ्ठी खोटी ठरवली नसती. मात्र मुंबईच्या सप्टेंबर-ऑक्टोबरला उबेची कमतरता आहे असे कोणी म्हणणार नाही, आणि फळाचे टोक तर चवीवर अवलंबून नसते. छायाचित्रे पाठवल्यावर नर्सरीने “चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी” असे उत्तर दिले. शक्य आहे. पण अदलाबदल झाली असेल तर दुसरे कलम फुयू असायला हवे होते, आणि ते तपासण्याची सोय तोवर उरली नव्हती, कारण त्याचा कलमाचा भाग पहिल्याच पावसाळ्यात वाळून गेला होता.

त्या दुसऱ्या कलमाची गोष्ट थोडक्यात सांगते. वरचा भाग मेल्यानंतर जोडाच्या खालून जोमदार फुटवे आले, ज्यांची पाने वरच्यापेक्षा लहान आणि अरुंद होती. म्हणजे खुंट, ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते खालचे झाड, जिवंत होता आणि तो बहुधा डायोस्पायरॉस लोटस या रानटी जातीचा होता, जी आपल्याकडच्या डोंगराळ नर्सऱ्यांत खुंटासाठी सर्रास वापरली जाते. थंडी सोसण्यासाठी हा खुंट नावाजलेला असला तरी साचलेले पाणी त्याला मानवत नाही, आणि फुयूचे कलम त्याच्यावर पुष्कळदा काही काळाने जुळत नाही, ही फळबागायतदारांत जुनी माहिती आहे. माझा मुख्य आक्षेप इथे आहे: माहितीपत्रकाच्या चार पानांत जातीचे गुणगान तीन पाने होते, खुंटाविषयी एक शब्दही नव्हता आणि विचारल्यावरही ‘उत्तम देशी खुंट’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. कलम विकत घेणारा माणूस दोन झाडे विकत घेत असतो. त्यांतल्या एकाचे नाव सांगायचे नाही, हा व्यवहार मला पटत नाही. हमीची मुदत १५ दिवसांची होती, त्यामुळे मेलेल्या कलमाचा परतावा मिळाला नाही. अट आधी छापलेली होती, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे झाडाला पुढे फळे का आली नाहीत याकडे, येते. २०२२ मध्ये उरलेल्या झाडाला एकही फूल आले नाही. २०२३ मध्येही नाही, २०२४ आणि २०२५ मध्येही नाही. झाड मेले नाही, उलट ते साडेसहा फूट उंच झाले. पण त्याची पाने एकदम गळत नाहीत, निम्मी जुनी पाने तशीच राहतात, आणि मार्चमध्ये फांद्यांच्या टोकांचे तीन-चार डोळे, म्हणजे पालवी-फुले जिथून फुटतात ते कोंब, तेवढे फुटून मधल्या फांद्या उघड्याबोडक्या राहतात. पहिल्या वर्षी फुललेले झाड नंतर का रुसले, हे समजायला मला दोन वर्षे लागली. पर्सिमनच्या फुलांची तयारी आदल्या उन्हाळ्यातच डोळ्यांमध्ये होते आणि त्या डोळ्यांना नीट जागे होण्यासाठी मधल्या हिवाळ्यात ठरावीक तास थंडी मिळावी लागते. २०२१ ची फुले २०२० च्या उन्हाळ्यात हिमाचलात तयार झाली होती आणि डिसेंबर-जानेवारीची थंडीही त्यांनी तिथेच खाल्ली होती. माझ्या गच्चीने त्यांना फक्त ऊन दाखवले. मी पाच तारे दिले ते बोरिवलीत आणलेल्या हिमाचलच्या हिवाळ्याला.

विक्रेत्याच्या जाहिरातीत ‘कमी थंडीत येणारे फळ’ असे लिहिले होते, आणि ते असत्य नाही. थंडीचे तास साधारणपणे ७.२ अंश सेल्सिअसच्या खालचे मोजतात. सफरचंदाच्या जुन्या जातींना असे हजाराच्या आसपास तास लागतात, तर पर्सिमनचे शंभर-दोनशे तासांतही भागते असे मानले जाते. परंतु कमी म्हणजे शून्य नव्हे. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेले आजवरचे सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ रोजीचे. म्हणजे त्या नोंदींच्या हिशेबाने, मुंबईला जी सर्वांत कडक थंडी पडली त्या रात्रीसुद्धा पर्सिमनच्या खात्यात एक तास जमा झाला नसता. एरवी जानेवारीतले किमान तापमान सोळा-सतरा अंशांच्या आसपास असते. आमची इमारत राष्ट्रीय उद्यानाला लागून असल्याने इथे पहाटे जरा अधिक गार असते, तरी गच्चीवरच्या माझ्या तापमापकाने चार हिवाळ्यांत १२.५ च्या खाली आकडा दाखवलेला नाही. मागणी नोंदवताना पत्ता लिहावा लागतो आणि त्या पत्त्यावर ४०० ने सुरू होणारा पिनकोड असतो. तो पाहून एक ओळीची सूचना देणे विक्रेत्याला अशक्य नव्हते.

फुले येत नाहीत असे कळवल्यावर नर्सरीच्या मदतकक्षाने हिवाळ्यात रोज रात्री कुंडीत बर्फाचे खडे घालण्याचा सल्ला दिला. मी तो पाळला नाही. थंडी लागते ती फांदीवरच्या डोळ्यांना. मुळांशी बर्फ ठेवणे म्हणजे डोके दुखत असताना पायाला बाम लावणे. त्याऐवजी मी इंडोनेशियातल्या बातू परिसरातील सफरचंदवाल्यांची रीत करून पाहिली. तिथे हिवाळाच नसल्याने तोडणी झाल्यावर झाडाची सगळी पाने हाताने ओरबाडतात आणि झाडाला नवा बहर घ्यायला लावतात. डिसेंबर २०२३ मध्ये मी आमच्या पर्सिमनची पाने अशी काढली. जानेवारीअखेर झाड सर्वांगाने, पूर्वीपेक्षा कितीतरी सारखे फुटले, पण फूल एकही आले नाही. प्रयोग अर्धवट यशस्वी झाला असे मी म्हणेन. घरचे लोक वेगळे म्हणतात. ‘मग गच्चीवर सफरचंद कसे येते’ असे मला हमखास विचारले जाते. हिमाचलातील बिलासपूरच्या हरिमन शर्मा यांनी विकसित केलेली एचआरएमएन-९९ ही जात उष्ण प्रदेशासाठीच निवडलेली आहे. सफरचंदात असा एक वाण निघाला म्हणून पर्सिमनच्या फुयूला ती सवलत आपोआप लागू होत नाही.

ज्यांना हे सारे वाचूनही लावायचेच आहे त्यांच्यासाठी लागवडीचा अनुभव. पर्सिमनला लांब सोटमूळ असते आणि तंतुमुळे कमी असतात, त्यामुळे रुंद, उथळ कुंडी निरुपयोगी ठरते. मी २०० लिटरचा निळा ड्रम अर्ध्याहून थोडा वर कापून, तळाला आणि बाजूला भोके पाडून वापरला. नुसती लाल माती पावसाळ्यात चिखल होऊन बसते, म्हणून एक भाग माती, एक भाग जुने शेणखत आणि दोन भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे व जाड वाळू असे मिश्रण ठेवले. ड्रम विटांवर उचलून ठेवावा. मुंबईत दोन-सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि खालचे भोक गच्चीच्या लादीला चिकटले की झाड डबक्यात उभे राहते. सोसायटीच्या सचिवांनाही वॉटरप्रूफिंगच्या दृष्टीने विटा पसंत पडतात. नत्राचा मारा केला तर फांद्या फोफावतात आणि धरलेली फळे गळतात, म्हणून युरियाला हात लावू नये. फांद्यांची टोके छाटू नयेत, कारण फुले येणारे डोळे बहुतेक टोकांकडेच असतात. पिठ्या ढेकूण मात्र दरवर्षी येतात. जोराच्या पाण्याने धुऊन निंबोळी अर्क फवारल्यावर आटोक्यात राहिले.

याच कुळातले मुंबईला मानवणारे झाड कोणते, याचे उत्तर मला योगायोगाने मिळाले. जून २०२१ मध्ये ठाण्याकडच्या एका साध्या रोपवाटिकेतून मी ब्लॅक सपोटेचे कलम ६०० रुपयांना आणले होते. हा पर्सिमनचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला भाऊ आहे, सदाहरित आहे आणि त्याला थंडीची गरज नाही. चौथ्या वर्षी त्याला अकरा फळे आली. ‘चॉकलेट पुडिंगचे झाड’ ही त्याची जाहिरात अतिशयोक्त आहे. गर खरोखर चॉकलेटी रंगाचा असतो, पण चव सौम्य, जवळजवळ अळणी असते आणि थोडे लिंबू व गूळ घातल्याखेरीज ते मजा देत नाही. कच्चे तर अजिबात खाऊ नये. हिरवी साल मंद, मळकट शेवाळी दिसू लागली आणि देठाजवळची टोपी वर उचलली गेली की फळ काढून दोन-चार दिवस ठेवावे. बियांपासूनचे रोप घेऊ नये, कारण काही झाडांना फक्त नर फुले येतात आणि हे चार-पाच वर्षांनी कळते. चवीत पर्सिमन त्याच्या कितीतरी पुढे आहे हे कबूल, पण माझ्या गच्चीवर ते फळ देते.

पर्सिमन खायचेच असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये क्रॉफर्ड मार्केटात हिमाचलचा माल येतो. चपटे असेल तर कडक खावे, टोकाचे असेल तर तांदळात घालावे. परदेशी फळांपैकी स्पेनचे लांबट ‘रोखो ब्रियांते’ मात्र या नियमाला अपवाद ठरते: ते मुळात तुरट असते, पण कार्बन डायऑक्साइडच्या खोलीत ठेवून त्याचा तुरटपणा काढलेला असतो आणि म्हणून ते कडक, गोड विकले जाते. ते खाऊन ‘हीच जात लावू’ असे ठरवणाऱ्याला घरच्या झाडाचे फळ तोंडात धरवणार नाही. ज्यांचे घर डोंगरात आहे त्यांनी पर्सिमन जरूर लावावे. निलगिरीत कुन्नूरला ते वर्षानुवर्षे पिकते, आणि तिथल्या थंडीत त्याला माझ्यासारखी मिनतवारी करावी लागत नाही.

गुण द्यायचेच तर बांधणी आणि रोपांची प्रत यांना पाचपैकी पाच, जातीच्या चिठ्ठीला एक, खुंटाच्या माहितीला शून्य, विक्रीपश्चात सौजन्याला चार आणि सल्ल्याला एक. एकूण दोन तारे. एप्रिल २०२१ चा जुना अभिप्राय मी पुसलेला नाही. त्याच्याच खाली हा जोडला आहे. खुंटाचे झाड मी शेजारच्या इमारतीतल्या एका वनस्पतीवेड्या मुलाला दिले, त्याला त्यावर कलम बांधायला शिकायचे आहे. चिठ्ठीवरचे ‘फुयू’ या डिसेंबरमध्ये नणंदेकडे पाचगणीला जाणार आहे. तिने ड्रमसाठी विटा आताच मांडून ठेवल्या आहेत, आणि फळ आले तर पहिले सासूबाईंना, पण तांदळात घालून मगच, असे आमचे ठरले आहे.